सीमध्ये वेळेचा हिशेब का चुकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतलं पॅनेलचं काम आटोपलं की संध्याकाळी मी काही मुलांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. कुणी खानापूरहून येतं, कुणी निपाणीहून, कुणी चिकोडीकडून. बसची पाटी कन्नडमध्ये, कॉलेजचं प्रॅक्टिकल इंग्रजीत, आणि शंका मात्र मराठीत. वेळेच्या हिशेबाबद्दलच्या शंका दर वर्षी त्याच येतात, म्हणून एकदा बसून लिहून काढल्या.

गाडी ८.२०ची आहे. माझा प्रोग्रॅम ८ वाजून १९ मिनिटं का छापतो?

कारण तुम्ही वेळ जशी बोर्डावर लिहिलेली असते तशीच उचलून फ्लोटमध्ये (फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांशाची संख्या ठेवायचा सीचा प्रकार) टाकली. आपल्याकडे स्टँडवर, लग्नपत्रिकेत, दवाखान्याच्या पाटीवर सगळीकडे वेळ टिंब देऊनच लिहितात. वाचणाऱ्याला ते टिंब दशांशचिन्ह नाही हे ठाऊक असतं. कंपायलरला, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरला, नसतं.

मुलं साधारण असं लिहितात:

तास = (इंट) वेळ;
मिनिटं = (इंट) ((वेळ - तास) * १००);

वहीवर हे बरोबरच दिसतं. पण ८.२० ही संख्या संगणकात ८.२० म्हणून बसत नाही, तिच्यापेक्षा किंचित लहान बसते. डबल, म्हणजे फ्लोटपेक्षा दुप्पट जागेचा प्रकार, घेतलं तरी ८.२० मधून ८ वजा केल्यावर ०.१९९९९९९९९९९९९९९३ उरतं. त्याला शंभराने गुणलं की १९.९९९ आणि पुढे बरेच नऊ. मग इंट करताना सी पूर्णांकात जवळचा आकडा शोधत नाही, टिंबानंतरचं सरळ कापून टाकतो. उरले १९. एका मिनिटाने गाडी चुकली.

९.१०चंही डबलमध्ये असंच होतं, तिथे ९ मिनिटं येतात. ७.४५ची गंमत वेगळी आहे. फ्लोटमध्ये ४४ मिनिटं येतात, डबलमध्ये बरोबर ४५. म्हणून एका वेळेवर तपासून 'चालतंय की' म्हणू नका. आणि ९.१० मधून ८.२० वजा करून ०.९० म्हणजे नव्वद मिनिटं काढणाऱ्याला तर फ्लोटला दोष देण्याचा हक्कच नाही.

उपाय सोपा आहे. तास आणि मिनिटं दोन वेगवेगळे पूर्णांक म्हणून वाचा आणि आत ठेवताना मध्यरात्रीपासूनची एकूण मिनिटं ठेवा. ८.२० म्हणजे ५००, ९.१० म्हणजे ५५०. फरक पन्नास, त्यात वाद नाही.

म्हणजे संगणकाला ०.२ किंवा ०.१ लिहिताच येत नाही?

येत नाही. दशमानात एकतृतीयांश लिहायला गेलं तर ०.३३३३ संपत नाही, तसं द्विमानात, म्हणजे ० आणि १च्या पद्धतीत, एकदशांश संपत नाही. द्विमानात नेमकं बसतं ते फक्त अर्ध, पाव, अर्धपाव, त्याचं अर्ध, आणि यांच्या बेरजा.

इथे मराठीची मदत होते. सव्वा, साडे, पावणे हे आपले सगळे शब्द पाव आणि अर्ध्यावर उभे आहेत. सव्वाआठ म्हणजे ८.२५ तास, साडेआठ म्हणजे ८.५, पावणेनऊ म्हणजे ८.७५. हे तिन्ही फ्लोटमध्ये तिळमात्र फरक न पडता बसतात. जुना आणाही तसाच. सोळा आण्यांचा रुपया म्हणजे एक आणा ०.०६२५, अगदी नेमका. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि एक पैसा मात्र द्विमानात बसेना. पावकी-निमकी पाठ करणाऱ्या आजोबांना फ्लोटिंग पॉइंट आपल्यापेक्षा लवकर समजला असता, असं मला खरंच वाटतं.

म्हणून वेळेचे तास करून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. पंधरा, तीस, पंचेचाळीस मिनिटांवर सगळं ठीक. वीस मिनिटं आली की तासाचा एकतृतीयांश, आणि गाडं अडतं.

पण छापून बघितलं तर ०.१च दिसतं.

प्रिंटएफ मुळात दशांशानंतर सहाच अंक छापतं आणि छापताना पूर्णांकन करतं. वीस अंक मागा. फ्लोटमधला ०.१ हा ०.१०००००००१४९ असा काहीतरी निघेल. डबलमधला फरक सतराव्या-अठराव्या अंकाला दिसेल. फ्लोटमध्ये ०.१ ठेवून त्याची नुसत्या ०.१शी तुलना केली तर उत्तर 'असमान' येतं तेही यामुळेच, कारण सीमध्ये नुसतं लिहिलेलं ०.१ हे डबल असतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

फ्लोटऐवजी डबल घेतलं की मिटलं ना?

बऱ्याचदा झाकलं जातं, मिटत नाही. शून्यापासून सुरू करून ०.१ची पायरी घेत 'एकपेक्षा लहान असेपर्यंत' लूप चालवा. फ्लोटमध्ये तो दहा वेळा फिरतो, डबलमध्ये अकरा वेळा! डबलमध्ये दहा वेळा ०.१ मिळवून ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतात, ते एकपेक्षा लहान, म्हणून आणखी एक फेरी. फ्लोटमध्ये बेरीज योगायोगाने एकच्या किंचित वर जाते आणि लूप थांबतो. म्हणजे चांगला प्रकार घेतला तिथे बिघडलं, वाईट घेतला तिथे जमलं. लूप पूर्णांकावर फिरवा आणि आत दहाने भागा.

अर्डुइनो ऊनोचा जुना, आठ बिटांचा बोर्ड (छोट्या कामांसाठीचा चिमुकला संगणक) वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. त्या बोर्डावर डबल लिहिलं तरी ते चार बाइटचंच असतं, फ्लोटएवढंच. तिथे डबल लिहून फक्त मनाचं समाधान होतं.

चूक तर दीड अब्जांशाची आहे. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार?

हा प्रश्न मीही विचारला होता, आणि उत्तर मामांच्या उसात मिळालं.

निपाणीच्या बाजूला, वेदगंगेच्या काठी मामांची थोडी जमीन आहे. थ्री फेज येते तेव्हाच मोटर चालवायची, आणि ती बहुधा अवेळीच येते. म्हणून मी एक छोटं टायमर करून दिलं. एक दशांश सेकंदाला एक टिक, आणि प्रत्येक टिकला एक ओळ:

बेरीज = बेरीज + ०.१;

बेरीज फ्लोट होती. अमुक सेकंद झाले की मोटर चालू, तमुक झाले की बंद.

बेळगावात घरी लावून बघितलं तेव्हा घड्याळ जरा लहरी वाटलं. पहिले दोन तास ते जेमतेम काही सेकंद पुढे, मग मागे पडत गेलं, नऊ तासांनी जवळजवळ दीड मिनिट मागे. दुसऱ्या दिवशी बघतो तर साडेबारा मिनिटं पुढे. बोर्डावरचा वेळ धरणारा क्रिस्टल स्वस्तातला म्हणून मी दोष त्याला दिला. आता कळतं की क्रिस्टल असा मन बदलत नाही. तो पुढे पळाला तर पुढेच पळतो. शिवाय घरी तीन-चार दिवसांतून एकदा करंट जायचा, बोर्ड पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा, आणि बग झाकला जायचा. शेतावर मात्र मी शहाणपणा करून बॅटरी बसवली.

एकविसाव्या दिवशी पहाटे मामांचा फोन. "अरे, तुझं घड्याळ थांबलंया की रे. मोटार रात्रभर चालूच हाय. पाणी बांधावरनं खालच्या शेतात चाललंय." खालचं शेत भावकीतल्यांचं. पुढचं संभाषण लिहिण्यासारखं नाही.

काय झालं होतं ते नीट बघू. हिशेबाच्या वहीत प्रत्येक आकड्याला सातच चौकटी आहेत असं समजा. बेरीज बारा सेकंद असताना दशांशानंतर पाच अंक मावतात. बेरीज लाखात गेली की टिंबानंतर एकच चौकट उरते. फ्लोटचं तसंच आहे, फक्त चौकटी द्विमानातल्या, चोवीस. संख्या दुप्पट झाली की तिच्या शेजारची पायरीही दुप्पट रुंद होते. ०.१ मिळवताना उत्तर सर्वांत जवळच्या पायरीवर ढकललं जातं.

४०९६ ते ८१९२ सेकंदांत पायरी आहे एकभागिले २०४८ची. ०.१ म्हणजे तिथे २०४.८ पायऱ्या, पूर्णांकन होऊन २०५. प्रत्येक टिक थोडी मोठी पडते. ८१९२च्या पुढे पायरी रुंद झाली, ०.१ म्हणजे १०२.४, म्हणजे १०२. आता प्रत्येक टिक लहान. म्हणून घड्याळ कधी पळायचं, कधी रेंगाळायचं. ५,२४,२८८ सेकंदांच्या पुढे तर एका टिकला ०.१ ऐवजी थेट ०.१२५ मिळत होते. आणि बेरीज २०,९७,१५२ झाली तेव्हा पायरी पाव सेकंदाची झाली. ०.१ म्हणजे ०.४ पायरी, पूर्णांकन होऊन शून्य. तिथून पुढे हजार वेळा मिळवा, लाख वेळा मिळवा, बेरीज हलत नाही. घड्याळ २४ दिवस साडेसहा तास दाखवत थिजलं होतं, आणि खरे झाले होते २० दिवस २२ तास.

मूळ दीड अब्जांशाचा इथे फारसा संबंधच नाही. घात झाला तो मोठ्या संख्येत लहान संख्या पुनःपुन्हा मिळवण्याने. तुम्हाला घरच्या घरी बघायचं असेल तर फ्लोटमध्ये ०.१ छत्तीस हजार वेळा मिळवा. एक तास म्हणजे ३६०० यायला हवेत, ३६०१.१६ येतात. डबलमध्ये हाच प्रयोग केला तर फरक एका मायक्रोसेकंदाच्या बराच आत राहतो.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. टिका बत्तीस बिटांच्या चिन्हरहित (उणे न जाणाऱ्या) पूर्णांकात मोजायच्या आणि दहाने भागायचं ते फक्त दाखवताना. तो पूर्णांक भरायला साडेतेरा वर्षं लागतील.

यामुळे खरंच कुठे मोठी दुर्घटना झाली आहे का?

झाली आहे. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ला सौदी अरेबियात धाहरान इथे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ सैनिक मेले. तिथली पॅट्रियट यंत्रणा ते अडवू शकली नाही. तिचं घड्याळ दशांश सेकंदांच्या टिका पूर्णांकातच मोजत होतं, तिथवर बरोबर. पण सेकंद काढताना त्या टिकांना चोवीस बिटांत कापलेल्या ०.१ने गुणलं जात होतं. हा फ्लोट नव्हता, स्थिर बिंदूचा, म्हणजे टिंब एकाच जागी ठेवलेला हिशेब होता, रोग मात्र तोच. यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. छत्तीस लाख टिकांनी फरक ०.३४ सेकंद झाला, आणि तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणेने आकाशात भलत्याच ठिकाणी पाहिलं.

मधेमधे बंद करून चालू केली असती तर घड्याळ शून्यावर आलं असतं. माझ्या घरी करंट जाऊन जे व्हायचं तेच. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी.

टाइम फंक्शनचं उत्तर फ्लोटमध्ये ठेवलं तर घड्याळ दोन मिनिटं जागचं हलतच नाही. का?

ते फंक्शन युनिक्स आणि लिनक्सवर १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद देतं. तो आकडा आता पावणेदोन अब्जांच्या आसपास आहे, आणि एवढ्या मोठ्या संख्येजवळ फ्लोटची पायरी १२८ सेकंदांची असते. म्हणजे दोन मिनिटं आठ सेकंद. डबलमध्ये तिथे पायरी सुमारे पाव मायक्रोसेकंदाची, म्हणून सेकंदांना चालेल, नॅनोसेकंद हवे असतील तर नाही. आलेली वेळ टाइम-टी प्रकारातच ठेवा, फरक काढायला डिफटाइम वापरा.

मिलिस वापरलं तर सुटका होते का?

होते. मिलिस हे अर्डुइनोवर बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद पूर्णांकात देतं. पण त्याचं उत्तर फ्लोटमध्ये ओतू नका. ४ तास ३९ मिनिटं ३७ सेकंदांनंतर फ्लोटला प्रत्येक मिलिसेकंद वेगळा ओळखता येत नाही. आणि मिलिस साधारण ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतं, त्याला मुलं फार घाबरतात. घाबरू नका. 'आत्ता वजा सुरुवात' हे चिन्हरहित पूर्णांकांत करा आणि ते मुदतीशी ताडून बघा. शून्य ओलांडून गेलं तरी वजाबाकी बरोबर येते. 'सुरुवात अधिक मुदत' काढून तुलना केली की मात्र पन्नासाव्या दिवशी फसाल.

कॉलेजच्या टर्बो सीमध्ये सकाळी नऊनंतर सेकंद उणे येतात.

टर्बो सी हा जुना कंपायलर. तिथे इंट (साधा पूर्णांक) सोळा बिटांचा आहे, ३२,७६७च्या पुढे जात नाही. मध्यरात्रीपासून तेवढे सेकंद ९ वाजून ६ मिनिटं ७ सेकंदांना होतात. लाँग घ्या. तास गुणिले ६० गुणिले ६० लिहिताना एका आकड्याला एल लावा, नाहीतर गुणाकारच इंटमध्ये होऊन आधीच फुटतो. यात फ्लोटचा काही हात नाही. पण याला कंटाळून मुलं फ्लोटकडे वळतात, म्हणून इथे घेतलं.

लूपला लागलेला वेळ मोजतो, उत्तर नेहमी शून्य येतं.

क्लॉक फंक्शनच्या दोन उत्तरांची वजाबाकी करून क्लॉक्स-पर-सेकंदने भागलं असेल. दोन्ही पूर्णांक निघाले तर भागाकारही पूर्णांकात होतो, एका सेकंदाच्या आतलं सगळं गळून जातं. भागण्याआधी डबल करा. छोट्या फरकाला, अगदी शेवटी, एकदाच डबल करायला काहीच हरकत नाही. फ्लोटिंग पॉइंटशी माझं वैर नाही.

आणखी एक. लिनक्सवर क्लॉक हे प्रोसेसरने खर्च केलेला वेळ देतं, भिंतीवरच्या घड्याळाचा नाही. प्रोग्रॅम पाच सेकंद स्लीपमध्ये असेल तर ते पाच सेकंद त्यात धरले जात नाहीत. प्रत्यक्ष गेलेला वेळ हवा तर क्लॉक-गेटटाइम घ्या, त्यातही मोनोटॉनिक घड्याळ. नेटवरून वेळ दुरुस्त झाली तरी ते उलटं जात नाही.

टाइमस्पेकमधल्या दोन वेळांची वजाबाकी कशी करायची?

टाइमस्पेकमध्ये सेकंद आणि नॅनोसेकंद वेगवेगळे ठेवलेले असतात. वजाबाकी चौथीत शिकवली तशीच, हातचा घेऊन. सेकंदांतून सेकंद वजा करा, नॅनोसेकंदांतून नॅनोसेकंद. नॅनोसेकंद उणे आले तर सेकंदांतला एक कमी करा आणि नॅनोसेकंदांत शंभर कोटी मिळवा. किंवा सगळं चौसष्ट बिटांच्या पूर्णांकात नॅनोसेकंद करून ठेवा. त्यात २९२ वर्षं मावतात.

दोन वेळा समान आहेत का हे तपासताना किती फरक चालवून घ्यायचा?

पूर्णांकात ठेवल्या असतील तर शून्य. सेन्सरकडून दशांशातच आल्या असतील तर तुमच्या कामाला किती फरक चालतो तो धरा: मोटरला अर्धा सेकंद चालेल, शर्यतीच्या घड्याळाला नाही. पुस्तकातला डीबीएल-एप्सिलॉन जसाच्या तसा उचलून लावू नका. तो एकच्या शेजारची पायरी आहे, पावणेदोन अब्जांच्या शेजारची नाही.

ओव्हरटाइमचे तास दशांशातच मागतात. मग?

मागू देत. दाखवताना दशांशात दाखवा, बेरीज मिनिटांत करा. एका कारखान्यात रोजची वीस मिनिटं ०.३३ तास म्हणून लिहायचे आणि महिन्याच्या शेवटी बेरीज करायचे. सव्वीस दिवसांचे ८.५८ तास झाले. खरे होतात ५२० मिनिटं, म्हणजे ८ तास ४० मिनिटं. प्रत्येक कामगाराची पाच मिनिटं दर महिन्याला हवेत. इथे संगणक निर्दोष होता, दोन अंकांवर तोडण्याची घाई माणसांनी केली होती.

भारतीय वेळेसाठी ५.३० मिळवू की ५.५?

तासांत मोजत असाल तर ५.५. तो फ्लोटमध्ये नेमका बसतो, अर्धा आहे ना. ५.३० मिळवलं तर घड्याळ बारा मिनिटं मागे राहतं, आणि प्रोजेक्टमध्ये ही चूक मी तीनदा पाहिली आहे. खरं तर १९,८०० सेकंद मिळवा आणि विषय संपवा.

कहान बेरीज वापरली तर फ्लोटमध्येच जमेल का?

जमेल. विल्यम कहान यांची ही युक्ती आहे. फ्लोटिंग पॉइंटच्या १९८५च्या आय-ट्रिपल-ई ७५४ मानकामागे मुख्य डोकं त्यांचंच, १९८९चं ट्युरिंग पारितोषिकही त्यांना मिळालं. प्रत्येक बेरजेत गळालेला तुकडा वेगळ्या चलात जपायचा आणि पुढच्या वेळी परत मिळवायचा. तापमानाची हजारो वाचनं मिळवताना उत्तम. टिका मोजायला कशाला? टिक ही एक, दोन, तीन अशी मोजायची गोष्ट आहे.

२०३८ची भानगड हीच का?

नाही, ती पूर्णांक भरून वाहण्याची. टाइम-टी बत्तीस बिटांचा असेल तर १९ जानेवारी २०३८ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो भरतो आणि पुढच्या सेकंदाला तारीख १९०१मध्ये जाऊन पडते. चौसष्ट बिटांचा टाइम-टी असलेल्या मशीनवर हा प्रश्न नाही. तुमच्या बोर्डावर किती बिटांचा आहे ते साइझऑफने बघून घ्या.